खांद्यावरची चार बोटं

आमच्या गावच्या कन्याशाळेची स्मरणिका मध्यंतरी कुरिअरने आली. गुळगुळीत कागद, उघडल्या उघडल्या शाईचा वास, सुरुवातीला पतसंस्थांच्या नि खतांच्या दुकानांच्या जाहिराती, मग मान्यवरांचे शुभसंदेश, आणि मग एकदाची आमची आत्या, पानभर. सगळ्यात जास्त वर्षं मुख्याध्यापिका राहिलेली. काठाची पांढरी साडी, जाड भिंगांचा चष्मा, कपाळाला आठी, कारण फोटो काढायचा म्हटलं की तिचं डोकंच फिरायचं. खाली ओळ, 'आजन्म अविवाहित राहून विद्यादानाला वाहून घेतलेल्या' वगैरे. सगळं ठीकच आहे. पण तिच्या डाव्या खांद्यावर चार बोटं आहेत, दुसऱ्या कुणाची तरी. फोटो एका बाजूने कापलाय आणि कापणाऱ्याने जिथे रेघ मारली तिथे ही बोटं राहून गेलीत, एकात अंगठीसुद्धा दिसते. एकदा दिसली की त्या पानावर दुसरं काही दिसतच नाही.

ती बोटं बाईंची. बाई म्हणजे शाळेच्या ड्रॉइंगच्या बाई. मूळ फोटो मला पाठ आहे, कऱ्हाडच्या स्टुडिओत काढलेला, मागे पडद्यावर रंगवलेलं तळं आणि त्यात जरा जास्तच मान वाकडी केलेला हंस, आत्या खुर्चीत आणि बाजूला बाई उभ्या, चेहऱ्यावर हसू दाबलेलं. शाळेच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, तिथे त्या दोघी राहायच्या. मे महिन्यात मी तिकडेच पडीक असायचे. खडूची पूड, कॅमलच्या रंगांचा तो गोडसर वास, शेवग्याच्या शेंगांची आमटी, संध्याकाळी ओट्यावर रेडिओ आणि त्यावर सांगली केंद्र. बाई आत्याला घरातसुद्धा 'मोठ्या बाई' म्हणायच्या आणि आत्या त्यांना 'बाई', अहोजाहो शेवटपर्यंत सुटलं नाही. आत्याचा आंबाडा मात्र रोज बाईच घालून द्यायच्या, आरसा न लावता, आकडे स्वतःच्या दातांत धरून. आम्हा पोरांना यात विशेष काही वाटायचं नाही. आत्याकडे जायचं म्हणजे बाईंकडेही जायचं, एवढंच.

चुलतभावाला फोन केला.

तो म्हणाला, "अगं, शाळेला सिंगल फोटो हवा होता. मोबाईलवर क्रॉप केला नि पाठवला. का गं, नीट नाही आला का?" त्याच्या आवाजात लपवाछपवीचा लवलेश नव्हता. आणि मी त्याला काही बोलूही शकले नाही, कारण आत्या गेल्यावर बाई एकट्या पडल्या तेव्हा त्यांना डबा पोचवणारा, औषधं आणून देणारा, डोळ्याच्या ऑपरेशनला नेणारा हाच. म्हणजे बाई त्याला नकोशा होत्या असं कुणी म्हणूच शकणार नाही. त्याने फक्त फोटो नीटनेटका केला. मला त्रास झाला तो नेमका ह्याच गोष्टीचा, आणि तेव्हापासून सारखी मार्था डोक्यात येतेय.

मार्था डिकिन्सन बियांकी. कवयित्री एमिली डिकिन्सनची भाची. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेव्हा एमिली म्हणजे पांढरे कपडे घालून घरात बसून राहिलेली, कुण्या अज्ञात पुरुषाच्या प्रेमात झुरणारी बाई, असं गाईडातलं मी पण इमानेइतबारे मुलांना लिहून देत आले. एमिलीने तिच्या मैत्रिणीला, सू गिल्बर्टला, शेकडो पत्रं-चिठ्ठ्या लिहिल्या, आणि हीच सू पुढे १८५६ साली एमिलीच्या भावाची बायको झाली. मार्था ही त्या दोघांची मुलगी. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर आत्याने आईला लिहिलेली पत्रं भाचीच्या हातात आली. तिने ती पुस्तकांतून छापली, १९२४ साली आणि मग १९३२ साली. आणि छापताना थोडी नीट केली. ११ जून १८५२ चं एक पत्र आहे, सू तेव्हा बाल्टिमोरला शिकवायला गेली होती. एमिली विचारते, सूझी, पुढच्या शनिवारी तू खरंच घरी येशील का, आणि परत माझी होशील का, आणि पूर्वी घ्यायचीस तसा माझा मुका घेशील का. भाचीच्या पुस्तकात सूझी शनिवारी घरी येते का एवढाच प्रश्न राहिला. 'माझी होशील' गेलं, मुका गेला. तांदळातले खडे वेचावेत तसे एवढेच शब्द वेचून बाजूला, बाकी वाक्य जागच्या जागी. १९५८ साली सगळी पत्रं जशीच्या तशी छापली गेली तेव्हा दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून कुणालाही हे बघता आलं असतं.

बघितलं ते लिलियन फॅडरमननी. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो नावाच्या, द्राक्षं-बेदाण्यांच्या, उन्हाळ्यात भाजून काढणाऱ्या गावात त्या सरकारी युनिव्हर्सिटीत शिकवायच्या, १९६७ पासून. सत्तरच्या दशकात त्या एमिलीची ही पत्रं घेऊन बसल्या आणि त्यांना पडलेला प्रश्न मला फार आवडतो, कारण तो साधा आहे. भाचीला जे झाकावंसं वाटलं ते आत्याला लिहिताना झाकावंसं का नाही वाटलं? एमिली काही धीट, बंडखोर म्हणून प्रसिद्ध नव्हती, उलट दारात पाहुणा आला तर आत पळणारी. मग १८५२ मध्ये जे सहज लिहिता येत होतं ते १९२४ मध्ये छापायला अवघड होतं, असं मधल्या सत्तर वर्षांत झालं तरी काय? ह्या प्रश्नावर त्यांनी आधी लेख लिहिला आणि त्यातून वाढत वाढत पुस्तक झालं, 'सरपासिंग द लव्ह ऑफ मेन', १९८१ सालचं, सोळाव्या शतकापासून पुढे बायकांनी बायकांवर केलेल्या प्रेमाचा इतिहास. लेस्बियन इतिहास नावाचा विषय युनिव्हर्सिट्यांत धड उभाही नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

त्यांचं उत्तर थोडक्यात असं की आधी बायकांच्या अशा प्रेमाकडे कुणी संशयाने बघतच नव्हतं. बाईला कामवासना असते हेच मुळात सभ्य लोकांना मान्य नव्हतं, त्यामुळे दोन मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात गळे घालून राहिल्या, एका बिछान्यात झोपल्या, एकमेकींना 'तुझ्याशिवाय जगू शकत नाही' असं लिहिलं तरी नवरे, बाप, भाऊ कौतुकच करायचे, लग्नाआधीची चांगली तयारी म्हणून. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला दोन गोष्टी एकदम झाल्या. बायका कॉलेजात गेल्या, नोकऱ्या करायला लागल्या, नवऱ्याशिवाय पोट भरू शकायला लागल्या. आणि त्याच सुमाराला क्राफ्ट-एबिंग, हॅवलॉक एलिस वगैरे डॉक्टर मंडळींनी अशा प्रेमाला रोगाचं नाव दिलं. नंतर फ्रॉइड घरोघरी पोचला. मार्था ह्या सगळ्यानंतरची, तिला माहीत होतं लोक काय म्हणतील ते. फॅडरमन म्हणतात पैशाचा आणि रोगाचा हा संबंध योगायोगाचा नाही, आणि मला ते पटतं. जोवर दोघींना शेवटी कुणाच्या तरी घरात सून म्हणून जायचंच होतं तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

ह्या पुस्तकातला अजून एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेरा ऑर्न ज्युएट ही अमेरिकन लेखिका आणि बॉस्टनची ॲनी फील्ड्स, प्रकाशकाची विधवा. ॲनीचा नवरा १८८१ मध्ये गेला, त्यानंतर ज्युएट १९०९ मध्ये वारेपर्यंत ह्या दोघी वर्षातले कितीतरी महिने एकत्र राहिल्या, युरोपला फिरल्या. अशा जोड्या तिकडे इतक्या होत्या की 'बॉस्टन मॅरेज' असंच म्हणायचे. ज्युएटचं लाडाचं नाव पिनी. ती गेल्यावर ॲनी तिची पत्रं छापायला बसली, वय झालेलं, आणि घरोब्यातल्या एका संपादक मित्राने अगदी सद्भावनेने सल्ला दिला की पिनी-बिनी हे लाडाचे उल्लेख आहेत ना, त्यातले चार पंचमांश काढून टाक, उगाच वाचणारे नको ते अर्थ काढतील. चार पंचमांश! म्हणजे ह्या गृहस्थाने प्रमाण ठरवून दिलं, एक पंचमांश प्रेम चालेल. पुस्तक १९११ मध्ये आलं. मला त्या मित्राचा राग यायला पाहिजे, पण येतो तो चुलतभावाचाच आवाज, "का गं, नीट नाही आला का?"

आता फॅडरमनबाईंचं स्वतःचं. हे मी नंतर वाचलं, आणि आधी वाचलं असतं तर ती पहिली पुस्तकं वेगळी वाचली असती.

जन्म १९४० चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. आई मेरी, लाटव्हियातून आलेली ज्यू, कपड्यांच्या कारखान्यात राबणारी, बिनलग्नाची. बापाने मूल आपलं म्हणायला नकार दिला. आई आणि मावशी रे, ह्या दोघींनी पोर वाढवली. मागे लाटव्हियात राहिलेलं सगळं माहेर १९४१ साली नाझींनी संपवलं, आणि आपण भावंडांना बोलावून घ्यायला हवं होतं ह्या विचाराने आईचं डोकं अधूनमधून ठिकाणावर राहीना. मायलेकी पुढे लॉस एंजेलिसला आल्या. पोरीने लहानपणीच ठरवलं की आपण सिनेमात नटी व्हायचं आणि आईला त्या कारखान्यातून सोडवायचं. नटी झाली नाही. झाली ती फोटोंसाठी कमी कपड्यांत उभी राहणारी मॉडेल, शाळकरी वयात. सोळाव्या वर्षी 'द ओपन डोअर' नावाच्या बारमध्ये पहिल्यांदा गेली, तिथे नोकरदार, मजूर वर्गातल्या बायका पुरुषी कपडे करून बसायच्या, कधीही पोलिसांची धाड पडायची. पुढे बर्कलीला शिकताना सॅन फ्रान्सिस्कोच्या एका थिएटरात 'मिंक फ्रॉस्ट' ह्या नावाने स्टेजवर कपडे उतरवायचं काम केलं, फी त्यातून भरली. मग यूसीएलएची पीएचडी, मग फ्रेस्नो. तिथे स्त्री-अभ्यासाचा कोर्स उभा करताना संगीत शिकवणाऱ्या फिलिस अर्विन भेटल्या आणि त्या पुढे कायमच्या बरोबर. १९७५ मध्ये दात्याचं वीर्य घेऊन मुलगा झाला, दोघींनी वाढवला. १९७५! आपल्याकडे तेव्हा आणीबाणी, आणि माझ्या आत्याला दर सभेत कुणी ना कुणी विचारायचं की पोरं नाहीत तर एवढा पगार करता काय.

तर ही जी बाई पोलिसांच्या धाडींच्या बारमध्ये वाढली, ती इतिहास लिहायला बसली तेव्हा पहिलं पुस्तक झालं ते पत्रं लिहिणाऱ्या, दिवाणखान्यात बसणाऱ्या, सुसंस्कृत बायकांचं. आणि त्यात तिचा भर असा की ह्या प्रेमात शरीर असेलही, नसेलही, मुख्य म्हणजे दोघींच्या सगळ्यात खोल भावना एकमेकींवर होत्या. ह्यावरून त्यांच्याशी लोक कडकडून भांडले. पुरुषी आणि बायकी अशा जोड्यांनी वावरणाऱ्या बारमधल्या कामगार बायकांना हा इतिहास आपला वाटला नाही. न्यूयॉर्कच्या जोन नेसल ह्यांच्यासारख्या, ज्यांच्या फ्लॅटमध्ये १९७४ च्या सुमाराला लेस्बियन कागदपत्रांचा मोठा संग्रह सुरू झाला, त्यांचं म्हणणं, आमची शरीरं ह्यात कुठे आहेत? आणि १९८८ मध्ये तर यॉर्कशरच्या ॲन लिस्टर नावाच्या जमीनदार बाईच्या डायऱ्या छापून आल्या. ती १८४० मध्ये मेलेली. डायरीचा साधारण सहावा हिस्सा सांकेतिक लिपीत, ग्रीक अक्षरं आणि गणिताची चिन्हं मिसळून, आणि तो उलगडल्यावर कळलं की बाईंना आपण काय करतो ह्याची पूर्ण जाणीव होती, कुणाबरोबर काय झालं, किती वेळा, सगळं लिहून ठेवलेलं. म्हणजे त्या काळी बायकांना काही कल्पनाच नव्हती हे इतकं सरसकट म्हणता येईना.

मला वाटतं फॅडरमननीसुद्धा तेव्हा फोटो थोडा नीटच केला होता. स्वतःचा.

म्हणजे असं बघा, फ्रेस्नोच्या इंटरव्ह्यूला जाताना मिंक फ्रॉस्टचा उल्लेख करणं शक्यच नव्हतं. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या एका आदेशाने 'विकृत' माणसांना सरकारी नोकरीतून काढायची सोय झाली होती, त्या हवेत ही मुलगी मोठी झालेली. मग पदवी मिळाली, नोकरी मिळाली, आणि लिहिताना आपल्याला मान मिळेल अशा पूर्वज बायका शोधल्या तर त्यात नवल काय. हे मी त्यांच्यावर आरोप म्हणून नाही म्हणत आहे. शिवाय दुसरी एक साधी अडचण आहेच, कागद कुणाचा उरतो? जिला लिहिता येतं, जिच्याकडे पत्रं ठेवायला स्वतःचं कपाट आहे, तिचा. धुणंभांडी करणाऱ्या दोन बायका एकमेकींसाठी किती का जीव टाकत असेनात, त्यांचं काय राहणार. हे त्यांच्याही लक्षात आलं असणार, कारण १९९१ च्या पुस्तकात, 'ऑड गर्ल्स अँड ट्वायलाइट लव्हर्स'मध्ये, त्या उठल्या आणि बायकांना भेटायला गेल्या. १८६ मुलाखती, सतरा वर्षांच्या पोरीपासून शहाऐंशीच्या आजीपर्यंत. महायुद्धात सैन्यात गेलेल्या, कारखान्यात गेलेल्या, बारमधून उचलून नेलेल्या, नोकरी जाईल म्हणून चाळीस वर्षं 'आम्ही रूममेट' म्हणत राहिलेल्या. हे पुस्तक पहिल्यापेक्षा जास्त धुळकट, जास्त गर्दीचं, आणि माझं जास्त लाडकं.

मुलाखती वाचून मला खुमखुमी आली नि मी आईला विचारलं. आई पंचाऐंशीच्या पुढची, कान जरा कमी पण बाकी खणखणीत. आडून आडून सुरुवात केली, आत्या आणि बाई, त्यांचं कसं होतं गं म्हणून. मला वाटलं आता ती एकतर गप्प बसेल किंवा 'बहिणीसारख्या होत्या' म्हणेल. ती म्हणाली, "वन्सं आणि बाई? काय भांडायच्या गं! चहात साखर किती ह्यावरून आठ-आठ दिवस अबोला. एकदा तर बाई ट्रंक घेऊन माहेरी निघून गेल्या मिरजेला, वन्संनी शाळेला सुट्टी टाकून जाऊन आणलं. शाळेला सुट्टी! भाऊ वारला तेव्हा नव्हती टाकली त्यांनी." मग जरा थांबून, "तुझ्या आजोबांनी स्थळं बघणं सोडलं ते त्यानंतर." एवढं बोलून ती कोथिंबीर निवडायला लागली. मी इतकी वर्षं ज्याला घरातलं मौन समजत होते, ते बहुतेक कुणी विचारलंच नव्हतं म्हणून होतं. त्यांच्यात 'तसं' काही होतं का, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, पण तो मी गिळला, आणि गिळला ते बरंच झालं असं अजून वाटतं. माझ्या आत्याच्या बिछान्यात डोकवायचा हक्क मला कुणी दिला. पण मग ॲन लिस्टरच्या डायऱ्या मी रात्र रात्र जागून वाचल्या त्याचं काय? तिथे नाही वाटला तो संकोच.

डोकावण्यावरून आठवलं, फॅडरमननी १९८३ मध्ये एका खटल्यावर पुस्तक लिहिलं, 'स्कॉच व्हर्डिक्ट', आणि त्या खटल्याच्या मधोमध आपल्याकडची एक पोरगी आहे. स्कॉटलंडमधलं एडिनबरा, १८१० साल. मिस वुड्स आणि मिस पिरी ह्या दोघी मैत्रिणींनी मोठ्या कष्टाने मुलींची निवासी शाळा काढलेली. तिथे जेन कमिंग नावाची साधारण सोळा वर्षांची विद्यार्थिनी, बाप ईस्ट इंडिया कंपनीतला स्कॉटिश, आई हिंदुस्तानी, लग्नाशिवाय झालेली मुलगी. बाप वारला, आजी बड्या घरची, तिने नातीला तिकडे आणवून शाळेत घातलं. ही जेन एक दिवस आजीला सांगते की ह्या दोन बाया रात्री एकीच्या बिछान्यात दुसरी येऊन नको ते करतात. आजीने सगळ्या पालकांना कळवलं, दोन दिवसांत शाळा रिकामी. बाईंनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. जजांची पंचाईत अशी की खरं म्हणावं तर सभ्य ब्रिटिश बायका असं करू शकतात हे मान्य करावं लागतं. मग त्यातल्या काहींनी सुटका करून घेतली ती अशी, की हे असलं काही ह्या पोरीला हिंदुस्तानातल्या दायांनी, नोकराणींनी शिकवलं असणार, तिकडच्या बायका कामुकच. इकडच्या शिक्षिका निर्दोष, कारण इकडे असलं काही नसतंच! एका मोलकरणीने दिवाणखान्याच्या दाराच्या किल्लीच्या भोकातून बघितलं असं साक्षीत आलं, तर त्या दाराला भोकच नव्हतं म्हणे. १८११ मध्ये निकाल एका मताने बाईंच्या विरुद्ध, १८१२ मध्ये एका मताने बाजूने, आणि १८१९ मध्ये लंडनला हाऊस ऑफ लॉर्ड्सने तोच कायम केला. जिंकल्या म्हणायचं. शाळा गेली, मैत्री गेली.

फॅडरमन जोडीदारणीला घेऊन एडिनबराला गेल्या, ती घरं, रस्ते बघत फिरल्या, आणि पुस्तकात मधेमधे त्या दोघींचे वाद आहेत, त्या शिक्षिकांमध्ये खरंच काही होतं की नव्हतं ह्यावर, ते मला खटल्याइतकेच आवडले. पण माझं मन अडकलं ते जेनपाशी. ह्याच खटल्यावरून लिलियन हेलमननी १९३४ मध्ये 'द चिल्ड्रन्स अवर' हे नाटक लिहिलं, ब्रॉडवेवर गाजलं, त्यावर १९६१ मध्ये ऑड्री हेपबर्नचा सिनेमा आला. त्यात घटना उचलून अमेरिकेत आणली आणि खोटं बोलणारी मुलगी गोरी, लाडावलेली अमेरिकन नात झाली. अर्धी हिंदुस्तानी पोर निघून गेली. फॅडरमननी ती कागदपत्रांतून परत आणून बसवली हे त्यांचे उपकार, तरी पुस्तकभर ती बिचारी चिडलेली, मत्सरी, कुढी अशीच दिसते आणि मला ते पुरेसं वाटत नाही. तिच्या आईचं काय झालं? मुलगी जहाजातून गेली तेव्हा ती जिवंत होती का, तिला कुणी विचारलं का? साक्षीपुराव्यांच्या त्या एवढ्या ढिगाऱ्यात हिंदुस्तान येतो तो बदनामीपुरता. आणि गंमत म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी आपल्याकडचे पुढारी छातीठोकपणे सांगायला लागले की असलं काही आपल्या संस्कृतीत नसतंच, हे पश्चिमेकडून आलेलं फॅड! एडिनबराचे जज आणि आपले पुढारी ह्यांना एका खोलीत बसवून द्यायला हवं, बोट एकमेकांकडे दाखवत बसतील.

आपल्याकडे तर खटलेसुद्धा फारसे सापडायचे नाहीत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं इंग्रजांचं ३७७ कलम १८६० सालचं, त्याच्या मनात पुरुष होते, बायका आपसात काही करतील हे लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं. म्हणून कोर्टाच्या दप्तरांत ह्या बायका जवळजवळ नाहीत. १९८७ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या दोन महिला पोलिसांनी देवळात लग्न केलं, नोकरी गेली, तेव्हा कुठे पेपरांत बातमी. १९९५ मध्ये मुंबईत बायकांचा एक गट जमला, स्त्री संगम, तोच पुढे लेबिया झाला, त्यांनी आपल्या आपल्या गोष्टी स्वतःच जमवल्या. ३७७ चा निकाल २०१८ मध्ये लागला, मग २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, हे सगळ्यांना माहीतच आहे. पण माझ्या आत्यासारख्या, तालुक्याच्या गावात, शाळेच्या क्वार्टरमध्ये, अहोजाहो करत आयुष्य काढलेल्या बायकांना ह्यातलं काहीच लागू होत नाही, त्या ना गटात बसतात ना खटल्यात. त्यांना लेस्बियन म्हणावं का? फॅडरमनची १९८१ ची व्याख्या लावली तर हो. आत्याला विचारलं असतं तर तिने छडीच काढली असती. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि मला त्यातलं एक निवडायचं नाहीये.

स्मरणिकेत आता काही होणार नाही, छापून झाली. शाळेच्या वेबसाईटवर फोटो जाणार आहे तिथे अख्खा लावा नि खाली दोघींची नावं घाला एवढं मी कळवलंय, आणि भाऊ लगेच म्हणाला, अगं हो, त्यात काय, स्कॅन करून देतो. खरंच त्यात काय, हाच तर सगळा घोळ आहे.

फॅडरमन २००७ मध्ये रिटायर झाल्या. त्याच्या चार वर्षं आधी, साठी उलटल्यावर, आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात मिंक फ्रॉस्टपासून सगळं एकदाचं सांगून टाकलं, फोटो काढणारे, बार, हरामी पोर म्हणून झालेली हेटाळणी, सगळं. त्यावर बरीच चर्चा झाली. पण त्याच्याही पुढे, सत्तरी ओलांडल्यावर, २०१३ मध्ये त्यांनी आईवर पुस्तक लिहिलं, 'माय मदर्स वॉर्स', आणि ते फार कुणी वाचलेलं दिसत नाही. आईचा आणि लेस्बियन इतिहासाचा संबंध शून्य. ती आयुष्यभर एका पुरुषासाठी झुरली, जो तिला न्यूयॉर्कमध्ये हवं तेव्हा भेटायचा आणि पोटात पोर राहिलं की पाठ फिरवायचा. तिची पत्रं छापायला कुणी भाची बसणार नव्हती. तिने लेकीला लहानपणी तुकड्या-तुकड्यांत जे सांगितलं ते, आणि त्या काळच्या कारखान्यांची, संपांची, तिकडे युरोपात काय चाललंय ह्याची माहिती, एवढ्यावर लेकीने ते उभं केलंय, जिथे माहीत नव्हतं तिथे कल्पनेने भरून. काटेकोर इतिहासवाल्यांनी नाकं मुरडली असतील तर मुरडोत. बॉस्टनच्या बायकांच्या हजारो पत्रांत आयुष्य घालवलेल्या बाईला शेवटी कागद नसलेल्या एका शिलाई कामगाराचं लिहावंसं वाटलं, आणि जमलं. कुणी फॅडरमन वाचायला मागितली तर मी आता हेच पुस्तक आधी हातात ठेवते. गाजलेली दोन नंतर वाचा.